बँका आणि सरकारी कर्ज (सातारा-सांगलीच्या संदर्भात)

राज्याचा खर्च आधी होतो आणि महसूल मागाहून येतो. मधली ओढाताण आधी सावकारांनी आणि पुढे बँकांनी भागवली.

अठराव्या शतकात साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने निघालेल्या मोहिमा बऱ्याच अंशी कर्जावर चालत. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे पहिल्या बाजीरावांचे गुरू आणि धनकोही होते. देणी फेडता फेडता जीव मेटाकुटीला आल्याचे बाजीरावांनी त्यांना पत्रातून कळवले होते. सरकार रोख रकमेच्या बदल्यात एखाद्या महालाच्या (महसुली भागाच्या) वसुलावर ‘वरात’, म्हणजे त्या वसुलातून पैसे देण्याचा हुकूम, देई; सावकाराचा गुमास्ता ती घेऊन कमाविसदारापुढे, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, उभा राही. खुद्द कमाविसदारालाही ‘रसद’, म्हणजे वसुलापोटी आगाऊ रक्कम, भरावी लागे आणि तिच्यावर दरमहा शेकडा एक-दीड व्याज धरले जाई. पाऊस हुकला किंवा मुलूख लुटला गेला, तर वरातीचे पैसे अडकत. हा धोका व्याजात मोजलेला असे, त्यामुळे फौजेला पैसा महाग पडे.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. फ्रान्सशी युद्ध चालू असताना १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली, तीच मुळी सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी देण्यासाठी. व्याजापोटी ठरावीक करांचे उत्पन्न कायद्याने बांधून दिले होते. राजा बदलला तरी देणे कायम राहणार, ही हमी मोलाची होती. हिंदुस्थानात कंपनी सरकारनेही रोखे, म्हणजे व्याजाने घेतलेल्या कर्जाचे कागद, काढले आणि ते हिंदी व्यापाऱ्यांनीही घेतले. १८०६ मध्ये कलकत्त्यात आणि १८४० मध्ये मुंबईत सरकारी भागभांडवलाच्या बँका उभ्या राहिल्या. मराठ्यांकडे धाडस आणि सावकार दोन्ही होते. कर्जाला टिकाऊ संस्थेचा आधार मात्र नव्हता, आणि ही उणीव रणांगणावरच्या पराभवाइतकीच महत्त्वाची मानायला हवी.

विसाव्या शतकात सांगली बँक (१९१६) आणि अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकाराने साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक (१९३६) सुरू झाली. ऊस, हळद आणि किराणा व्यापाराचा पैसा बँकांच्या खिडकीवर जमू लागला. १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या कलम २४ नुसार ठेवींचा ठरावीक हिस्सा रोख, सोने किंवा मान्य सरकारी रोख्यांत ठेवणे सक्तीचे झाले. यालाच एसएलआर (वैधानिक तरलता प्रमाण) म्हणतात. हेतू ठेवीदाराच्या सुरक्षिततेचा होता, पण त्यातून सरकारला हक्काचा गिऱ्हाईक मिळाला. १९९० च्या सुमारास एसएलआर ३८.५ टक्के आणि रिझर्व्ह बँकेकडची राखीव रोकड १५ टक्के होती. म्हणजे कराडच्या शाखेत जमलेल्या शंभरांपैकी साडेत्रेपन्न रुपये कर्जवाटपाला मोकळे नव्हते. रोख्यांवरचे व्याजही बाजारभावापेक्षा कमी असे, आणि त्याची झळ ठेवीदारांना व इतर कर्जदारांना बसे. हा ठेवीदारांवरचा न दिसणारा करच होता.

सुधारणा पुढे टप्प्याटप्प्याने झाल्या. १९९२ पासून केंद्राच्या रोख्यांचे लिलाव सुरू झाले. केंद्राला रिझर्व्ह बँकेकडून अल्पमुदतीच्या सरकारी हुंड्यांवर आपोआप पैसे उचलण्याची १९५५ पासूनची सोय १९९७ मध्ये बंद झाली. एप्रिल २०२० पासून व्यापारी बँकांचा एसएलआर १८ टक्के आहे. नागरी सहकारी बँकांनाही हे बंधन लागू आहे. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये, तर सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. रोख्यात सरकार पैसे बुडवेल ही भीती आता जवळपास नाही. पण व्याजदर चढले की कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांचा बाजारभाव उतरतो, आणि मुदतीआधी ते विकायची वेळ आलेल्या छोट्या बँकेला हा तोटा सोसावाच लागतो.