डेंग्यूचं एनएस१ आणि फ्लूचं एनएस१

पावसाळ्यात दोन दिवस ताप राहिला की डॉक्टर एनएस१ तपासायला सांगतात. हेच नाव फ्लूच्या माहितीतही भेटतं आणि प्रथिन एकच असावं असं वाटतं. तसं नाही. विषाणूच्या कणात जी बांधली जात नाहीत अशा (नॉन-स्ट्रक्चरल, म्हणून एनएस) प्रथिनांना क्रमांक देताना दोन्हीकडे एक नंबर लागला, एवढंच त्यांचं नातं. दोन्ही आपल्या प्रतिकारशक्तीला चकवतात खरी, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

फ्लूचं एनएस१ पेशीच्या आत काम करतं. विषाणू शिरला की पेशीतलं रिग-आय नावाचं पहारेकरी प्रथिन त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय साहित्य, ओळखतं, मग इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन तयार होऊन शेजारच्या पेशी सावध होतात. रिग-आयला कामाला लावणाऱ्या ट्रिम२५ या प्रथिनाला एनएस१ धरून ठेवतं आणि ही साखळी सुरुवातीलाच तुटते. १९९८ साली विषाणूशास्त्रज्ञ आदोल्फो गार्सिया-सास्त्रे आणि सहकाऱ्यांनी एनएस१ काढून टाकलेला फ्लूचा विषाणू तयार केला. इंटरफेरॉन बनवू न शकणाऱ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या व्हेरो पेशींत तो छान वाढला, धडधाकट उंदरांत मात्र दुबळा ठरला. या प्रथिनाचं मुख्य काम काय, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

डेंग्यूचं एनएस१ पेशीबाहेर पडतं. सहा रेणू एकत्र येतात, मधे चरबीचा गाभा, आणि ते रक्तात फिरू लागतात. रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं विषाणूवर तुटून पडण्याआधीच ते त्यांना निकामी करतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं, त्यामुळे प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, बाहेर झिरपायला हातभार लागतो. डेंग्यूतही इंटरफेरॉनची वाट अडवली जाते, पण ते काम एनएस५सारखी इतर प्रथिनं करतात.

रक्तात फिरतं म्हणूनच ते तापाच्या पहिल्या दिवसापासून तपासणीत सापडू शकतं. पाचव्या दिवसानंतर मात्र सापडण्याची शक्यता घटत जाते. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर आधीची प्रतिपिंडं त्याला चिकटतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून कळकळीने सांगते, निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला म्हणून निर्धास्त होऊ नका. प्लाझ्मा झिरपण्याचा धोका नेमका ताप उतरताना असतो. तेव्हा पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर थेट दवाखाना गाठा.