नाटकावर सिनेमा करायचाय? आधी हक्कांचे कागद बघा

नाटकाचे प्रयोग करायची परवानगी वेगळी आणि त्याच नाटकावर सिनेमा काढायची परवानगी वेगळी, हे आमच्या ग्रुपच्या तालमीच्या हॉलमधे मोठ्या अक्षरात लिहून लावायला पाहिजे होतं. कारण दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी येतं आणि म्हणतं की आमच्याकडे लेखकाचं पत्र आहे, शंभर प्रयोग झालेत, आता निर्माता मिळालाय, शूटिंग कधी सुरू करू? ते पत्र बघितलं तर त्यात फक्त प्रयोगांचं लिहिलेलं असतं, सिनेमाचा 'सि' पण नसतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ मधे नाटकाच्या लेखकाला जे हक्क दिलेत त्यात प्रयोग करणं, भाषांतर, रूपांतर आणि सिनेमा करणं हे सगळे वेगवेगळे मोजलेत, म्हणजे लेखक एक हक्क तुम्हाला आणि दुसरा तिसऱ्यालाच देऊ शकतो. त्यामुळे नाट्यनिर्मात्याने लाखो रुपये घालून नाटक उभं केलं असलं तरी सिनेमाचा हक्क आपोआप त्याच्याकडे जात नाही, त्याच्या करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. आणि दिग्दर्शक, नट यांना तर विचारायलाच नको, "मीच बसवलंय नाटक" हा काही हक्काचा पुरावा नाही.

मग विचारायचं कोणाला? नाटकाचं छापील पुस्तक काढा आणि पहिली दोन पानं वाचा. मराठी नाटकांच्या पुस्तकात हक्क कोणाकडे आणि परवानगीसाठी कोणाला लिहायचं ते बहुतेक वेळा छापलेलं असतं. पत्ता तीस वर्षांपूर्वीचा असतो आणि तिथे आता टॉवर उभा असतो ते सोडा, नाव तरी कळतं.

लेखक हयात नसेल तर आधी हिशोब करायचा. लेखक गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो (दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो शेवटी गेला त्याच्यापासून मोजायचं). कृ. प्र. खाडिलकर १९४८ मधे गेले, म्हणजे त्यांची नाटकं २००८ च्या डिसेंबरअखेर मोकळी झाली, 'मानापमान'वर सिनेमा करायला आज कोणाच्या सहीची गरज नाही. गडकरी, देवल, किर्लोस्कर तर कधीच मोकळे. पण अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबा किंवा वारसांकडे जा. शिरवाडकर १९९९, पुलं २०००, तिथे तर २०५९ आणि २०६० संपेपर्यंत वारसांच्या परवानगीशिवाय विषयच नाही.

संगीत नाटक असेल तर अजून एक गंमत आहे, चालींचा हक्क वेगळा असतो. मानापमानच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ ला गेले, म्हणजे नाटक मोकळं झाल्यानंतरही चाली आणखी सात वर्षं बांधलेल्या होत्या. शिवाय जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा सिनेमात वापरायचा असेल तर त्याचे हक्क कंपनीकडे असू शकतात, तो तिसराच कागद.

आणि रूपांतरित नाटक असेल तर दोन मजले तपासावे लागतात. 'ती फुलराणी' घ्या, मूळ बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन', शॉ १९५० ला गेला म्हणून भारतात २०११ पासून मूळ नाटक मोकळं आहे, त्यावरून स्वतःचं नवीन मराठी रूप कोणीही लिहावं, पण पुलंनी जे मराठी लिहिलं, ती भाषा, ती गाणी, ती मंजुळा, ते मात्र परवानगीशिवाय नाही. मूळ लेखक हयात असेल किंवा त्याची ६० वर्षं संपली नसतील तर मूळ आणि मराठी दोन्हीकडून सही लागते.

वारसांकडून परवानगी घेताना कागद साधारण हे: लेखकाचा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत, नसेल तर वारसांचं प्रतिज्ञापत्र किंवा वारस दाखला, प्रत्येक वारसाचं ओळखपत्र आणि पॅन, आणि सगळ्यांच्या सह्या. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या. आमच्या एका प्रोजेक्टला मोठ्या मुलाने सही केली, "बाकीच्यांचं मी बघतो" म्हणाला, आम्ही पण काका म्हणतायत तर ठीक आहे म्हणून पटकथा लिहून मोकळे झालो आणि मग अमेरिकेतल्या ताईंचा मेल आला की मला कोणी विचारलंच नाही. चूक आमचीच होती. ताई चांगल्या होत्या, पण तिकडून मुखत्यारपत्र करून, त्याच्यावर अपोस्टिल (परदेशातला कागद खरा असल्याचा तिकडचा सरकारी शिक्का) घेऊन, ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प लावणं यात सीझन गेला आणि निर्माता पण गेला.

आता करार. हा भाग घाईत उरकू नका. कलम १९ प्रमाणे करार लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचा लागतो, व्हॉट्सॲपवरचं "हो करा" चालत नाही. कोणतं नाटक, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, किती मोबदला किंवा रॉयल्टी, हे सगळं त्यात पाहिजे. वर्षं लिहिली नाहीत तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, म्हणजे सिनेमा दुबई-अमेरिकेतल्या मराठी मंडळांना दाखवायचा तर परत लेखकाच्या दारात. पण खरा खड्डा वेगळाच आहे. करारात काही लिहिलं नसेल आणि हक्क घेतल्यापासून एका वर्षात तुम्ही ते वापरले नाहीत तर ते संपले असं धरतात. एक वर्ष! मराठी सिनेमाचा फायनान्स जमायलाच दोन वर्षं जातात, म्हणून "एक वर्षाची अट या कराराला लागू नाही, शूटिंग अमुक वर्षांत सुरू करू" असं वाक्य घालूनच घ्या. लेखकाच्या बाजूने असाल तर उलटं, ती मुदत ढिली सोडू नका, नाहीतर निर्माता हक्क कपाटात ठेवून बसतो आणि तुमचं नाटक अडकतं.

ओटीटी, टीव्ही, डबिंग, हिंदी रिमेक, वेब सिरीज हे एकेक नाव घेऊन लिहा. "सर्व माध्यमे, सध्याची व भविष्यातील" असं गोल वाक्य पूर्वी चालायचं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे हक्क नाव न घेता देता येत नाहीत. स्टॅम्प किती लागेल ते मोबदल्यावर ठरतं, वकिलाला विचारा, घरात पडलेला जुना स्टॅम्प पेपर काढू नका.

शेवट बदलायचा असेल, पात्र कापायचं असेल तर तेही करारात आणा, कारण हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे लेखकाचं नाव आणि कलाकृतीची विटंबना होऊ न देण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

"आम्ही फक्त थीम घेतो, बाकी सगळं बदलतो, मग कशाला परवानगी?" हा प्रश्न येतोच. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्थानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' (१९५६) सिनेमा उचलला अशी केस होती, सुप्रीम कोर्टाने १९७८ ला सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, आणि निकाल सिनेमावाल्यांच्या बाजूने गेला. पण १९५६ चा सिनेमा आणि १९७८ चा निकाल, मधली वर्षं मोजा आणि मग ठरवा.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण लेखकाने नाटकाची केलेली असेल तर निर्मात्याला बरं पडतं. ऑनलाइन अर्ज, फॉर्म १४, नाटकासाठी फी ५०० रुपये, डायरी नंबर मिळाला की ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं, अर्जदार लेखकापेक्षा वेगळा असेल तर लेखकाची एनओसी जोडायची. नवीन पटकथा तुम्ही लिहिली असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमधे मेंबर होऊन तिची नोंद करून ठेवा.

नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो, हेही सुप्रीम कोर्टाने २०१५ ला सांगितलंय, तरी टायटल निर्मात्यांच्या संघटनेकडे किंवा चित्रपट महामंडळाकडे नोंदवावं लागतं, आणि गाजलेल्या नाटकाचं नाव परस्पर लावलं तर भांडण दुसऱ्या मार्गाने येतंच.

सेन्सॉरचं थोडक्यात. नाटकाला रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट आहे ना, मग परत कशाला, असं काही जण विचारतात. ते संहितेचं आणि रंगमंचाचं, सिनेमाला केंद्राच्या बोर्डाचंच लागतं, अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर. नवीन नियमांनंतर यूए (लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचे सिनेमे) मधे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट आलेत आणि सर्टिफिकेटला आता मुदत नाही. नाटकात नायक दुसऱ्या अंकात निवांत सिगरेट ओढतो, सिनेमात तोच सीन ठेवला तर पडद्यावर इशारा आणि सुरुवातीला-मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिल्म, हे धरूनच एडिट करा.

आणि "आम्ही सिनेमा नाही करत हो, नाटकच तीन कॅमेरे लावून शूट करतोय आणि ओटीटीला देतोय" म्हणणाऱ्यांसाठी: कायद्याच्या व्याख्येत ते दृश्य रेकॉर्डिंगही सिनेमाच आहे, लेखकाची वेगळी लेखी परवानगी तिथेही लागते, आणि स्टेजवरच्या प्रत्येक नटाची लेखी संमती पण घ्यावी लागते, ज्याची एंट्री फक्त चहाचा कप ठेवण्यापुरती आहे त्याची सुद्धा.