हाक किती मजले पोचते?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फूट आणि संडास घरातच, मनापासून आनंद झाला. पण चाळीतला शेजार गेला की लोक म्हणतात "माणसं बदलली", ते मला पटत नाही. अंतर बदललं.

माझी मावशी गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. गॅलरीच्या कठड्यावरून वाकून "ताटं वाढलीत, वर या" अशी हाक मारली की चौकातला आमचा डाव मोडायचा. ते अंतर असेल १० मीटर. आता बघा, निरोगी डोळ्याला साधारण १ कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. १५ सेंटीमीटर रुंद चेहरा १० मीटरवरून ५० कला भरतो, त्यामुळे कोण पडलंय, कोण रडतंय सगळं दिसतं. विसाव्या मजल्यावरून, म्हणजे ६० मीटरवरून, तोच चेहरा ८-९ कला. अख्ख्या रुंदीत ८-९ ठिपके! आपलं पोर शर्टाच्या रंगावरून ओळखायचं.

आवाजाचंही तेच, अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई, म्हणजे ६ डेसिबल कमी. तोंडापासून १ मीटरवर ८० डेसिबलची हाक १० मीटरवर ६० उरते आणि ६० मीटरवर ४४ च्या आसपास, ती खालच्या गाड्यांच्या आवाजात बुडते. शिवाय चाळीच्या चौकात चारी भिंती रस्त्याचा गोंगाट अडवतात आणि हाक उलट परत आत फेकतात, टॉवरला ते नाही.

मधला चौक म्हणजे ब्रह्मस्थान, तिथून ऊर्जा येते असं वास्तुवाले सांगतात, त्याला काही आधार नाही. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो कारण तिथं जमायला जागा आहे आणि घरातून ती दिसते. ब्रोशरमधलं पोडियम गार्डन, म्हणजे पार्किंगच्या छतावरची बाग, कितीही हिरवं असलं तरी स्वयंपाकघरातून दिसत नसेल तर लहान पोराला तिथं एकटं कोण सोडणार?

सिंगापूरच्या सरकारी इमारतींमध्ये तळमजला मोकळा ठेवतात, लग्नं आणि अंत्यविधीसुद्धा तिथंच होतात. मला वाटतं आपल्याकडे उंच टॉवरमध्ये दर पाच मजल्यांमागे एक मोकळा सज्जा हवा, पाच मजले म्हणजे १५ मीटर, आणि त्या पाचही मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्याच बाजूला. हे नकाशा मंजुरीला जायच्या आधी ठरवावं लागतं, भिंती उभ्या राहिल्यावर नाही.