हेरकादंबरीकार

गुप्तहेर, हेरखाती आणि फितुरी यांवर कादंबऱ्या लिहिणारा लेखक. वाचनालयात तो रहस्यकथाकाराशेजारी बसतो, पण दोघांचा धंदा वेगळा. रहस्यकथेत खून पडलेला असतो, खुनी शोधायचा असतो. हेरकादंबरीत पुष्कळदा काही घडलेलेच नसते. आपल्यातला फितूर कोण, एवढाच घोर. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी वाचकाला पहिल्या प्रकाराची चटक लावली. दुसऱ्याचे घराणे मुख्यतः इंग्रजी.

यातले बरेच लेखक मुळात हेरखात्यातले. सॉमरसेट मॉम पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडमध्ये ब्रिटनसाठी हेरगिरी करत होता, ग्रॅहम ग्रीन दुसऱ्या महायुद्धात सिएरा लिओनमध्ये. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातून आलेल्या इयान फ्लेमिंगने १९५३ मध्ये जेम्स बाँड आणला आणि हेर म्हणजे पिस्तूल, मोटार, मदिरा हे समीकरण बसले.

ते मोडले जॉन ल कारे (१९३१–२०२०) याने. हे टोपणनाव, खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. परराष्ट्र खात्याच्या नोकराला स्वतःच्या नावावर कादंबरी छापायची मुभा नव्हती. बाप अट्टल ठक, विम्याच्या लबाडीत तुरुंगात जाऊन आलेला. आई मूल पाच वर्षांचे असताना घर सोडून गेली. घरातच इतकी सोंगे पाहिलेल्या मुलाला हेरगिरी फारशी शिकवावी लागली नसेल. ऑक्सफर्डमध्ये असताना तो डाव्या विचारांच्या सहाध्यायांच्या बातम्या एमआय-५ या ब्रिटनच्या देशांतर्गत हेरखात्याला पोहोचवी. पुढे इटनच्या शाळेत मास्तरकी, १९५८ मध्ये एमआय-५, मग परदेशी हेरगिरीचे खाते एमआय-६ आणि पश्चिम जर्मनीत बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत नेमणूक. लंडनला कामावर जाता-येता आगगाडीत छोट्या वह्यांत त्याने लिहायला सुरुवात केली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, तिच्याच सावलीत घडणाऱ्या १९६३ च्या तिसऱ्या कादंबरीने त्याचे नाव झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. त्याच्या कादंबऱ्यांतला हेर जॉर्ज स्माइली बुटका, जाडा, टायच्या रुंद टोकाने चष्मा पुसणारा. बायको वारंवार सोडून जाणारी. तो जुनी फाईल उघडतो तेव्हा वाचकाची छाती धडधडते. गोळीबाराने ते साधत नाही.

सोलापूरच्या वाचकाला हे जग परके वाटू नये. इथला भुईकोट निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवरचा. चाँदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून गेला आणि दोन्ही दरबारांत कायमचा वाद लावून बसला. कौटिल्याने हेरांना व्यापारी, तापस, भिक्षुकी अशी सोंगे नेमून दिली आहेत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत ती सगळी सहज खपून जातील. त्यात मराठी, कानडी, तेलुगू एकाच पेठेत कानावर पडतात. दचकलेला माणूस कोणत्या भाषेत ओरडतो, यावरून फितूर पकडण्याचा प्रसंग इथल्या लेखकाला फुकटात मिळेल.

१९३० चा विषय त्याहून जड. १२ मे ते ३० जून या काळात इंग्रज सरकारने सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला होता. तेव्हा शहरात गांधी टोपी घालणेही शिक्षेला पात्र ठरे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. शिवकालातल्या बहिर्जी नाइकांविषयी कागद थोडे, त्यामुळे त्यांच्यावर लिहिणाऱ्याची भिस्त कल्पनेवर. मार्शल लॉच्या सोलापूरचे तसे नाही. तारखा, हुकूम, खटला, सारे नोंदलेले आहे.