पार्श्वभूमी : ‘मानधन योग्यतेनुसार’

सामाजिक संस्थांच्या जाहिरातींत एक ओळ ठरलेली असते : ‘समाजकार्याची आवड असणाऱ्यांनी अर्ज करावा. मानधन योग्यतेनुसार.’ पगार हा शब्द शक्यतो टाळलेला. मुलाखतीला आलेली एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली मुलगी मात्र पहिलं विचारते, पीएफ कापता का? महाराष्ट्रातल्या देवस्थानांत आणि संस्थांत काम करणाऱ्यांचा इतिहास या दोन वाक्यांच्या मधे आहे.

देवळातलं काम ही मुळात नोकरी नव्हतीच, तो वंशपरंपरेचा हक्क होता. पंढरपूरला विठ्ठलाचे बडवे आणि रुक्मिणीचे उत्पात या पुजाऱ्यांखेरीज सेवाधाऱ्यांची सात घराणी. विठ्ठलाच्या स्नानाचं पाणी परिचारक घराण्याने आणायचं, आरसा डिंगरे घराण्याने दाखवायचा, दिवटी म्हणजे मशाल दिवटे घराण्याने धरायची. मस्टर नाही, पगारपत्रक नाही. देवापुढच्या उत्पन्नात वाटा. तो गोळा करण्याच्या हक्काचा चक्क लिलावही व्हायचा. 1973 च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने हे हक्क रद्द केले, पण कोर्टकज्जे संपायला जानेवारी 2014 उजाडला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मंदिर समितीने पुजारीपदासाठी अर्ज मागवले, सर्व जातींतून, स्त्रियांकडूनही. जन्माने मिळणारं काम मुलाखतीवर आलं.

पुण्यात याच्या उलटं घडत होतं. तिथे हक्काऐवजी शपथ होती. 1884 साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्याने वीस वर्षं काम करायचं, दरमहा 75 रुपयांवर. गोखले, कर्वे याच पगारावर फर्ग्युसनमध्ये शिकवत. आपण हे त्यागाची कहाणी म्हणून वाचतो. त्या पैशावरून झालेलं भांडण तेवढं आठवत नाही. सदस्यांनी बाहेरची कमाई करावी की नाही, यावर वाद विकोपाला गेला आणि टिळक 1890 मध्ये सोसायटीतून बाहेर पडले. गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला तोही याच घडणीचा : आयुष्य द्यायचं, संस्था निर्वाहापुरतं देईल. आपल्याकडच्या ‘मानधना’चं मूळ मला इथे दिसतं. कमी पैसे घेणं ही पात्रता ठरली, आणि जास्त मागणारा कायमचा थोडा संशयित.

कायद्याने देऊळ आणि संस्था एकाच कचेरीत आणली ती 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जाणाऱ्या हिशेबाच्या नमुन्यात ‘आस्थापना खर्च’ (कचेरी चालवण्याचा) वेगळा आणि ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ वेगळा. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार कुठे टाकायचा? हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो, पण आस्थापना फुगलेली दिसू नये म्हणून माणसं पगारपत्रकाऐवजी व्हाउचरवर ठेवण्याची सवय अशाच रकान्यांनी लावली.

1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी कामगार कायद्यातल्या ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ रुंदावला. नफा नसला तरी पद्धतशीर काम आणि मालक-नोकर नातं असेल तर संस्थाही त्यात येऊ शकते, असा तो निकाल होता. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या छोट्या संस्था बाहेर राहिल्या. सेवाभाव सांगून नोटीस न देता काढणं त्यानंतर तितकं सोपं उरलं नाही.

1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात संस्थांची कामं वाढली, आणि ‘प्रोजेक्ट’ हा शब्द रुळला. तीन वर्षांचा निधी, तीन वर्षांची नोकरी. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. संस्थांना एमआयएस (कामाच्या आकडेवारीची संगणकीय नोंद) पाहणारे, अहवाल लिहिणारे लागू लागले. उलट परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीने अशा देणगीतला प्रशासकीय खर्च 50 वरून 20 टक्क्यांवर आणला. कात्री अर्थातच आधी ऑफिसातल्या माणसांवर चालते.

‘मानधन’ या शब्दाला धक्का बसला तो सरकारी योजनेतून. अंगणवाडी सेविकांना मिळतं ते मानधन, वेतन नव्हे, म्हणून ग्रॅच्युइटी नाही, असा युक्तिवाद होता. एप्रिल 2022 मध्ये गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला : कामाबद्दल दिलेले पैसे म्हणजे वेतनच, नाव काहीही द्या.