स्थानकावरचे वाय-फाय आणि ओटीपीची ओळख

गाडीची वाट पाहत फलाटावर उभे असताना फोनच्या वाय-फाय यादीत ‘रेलवायर’ हे नाव दिसते आणि त्याच्याजवळ कुलपाचे चिन्ह नसते. रेल्वेच्या रेलटेल या कंपनीने गूगलच्या साहाय्याने ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केली. पुढे गूगल त्यातून बाहेर पडले, तरी सेवा वाढत गेली आणि सहा हजारांहून अधिक स्थानकांवर पोचली.

नावावर बोट ठेवले की लगेच इंटरनेट मिळत नाही. अँड्रॉइड फोन आधी एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी चौकशी पाठवतो आणि २०४ या संकेतांकाचे कोरे उत्तर येते का, ते पाहतो. स्थानकावरचे नेटवर्क ही चौकशी मध्येच अडवून स्वतःचे पान पुढे करते. उत्तर कोरे नाही म्हणजे दारावर कोणीतरी आहे, एवढे फोनला कळते आणि मोबाइल क्रमांक मागणारे पान पडद्यावर उघडते.

त्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीमागे इतिहास आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराचे असुरक्षित वाय-फाय वापरून पाठवला गेला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याविषयी सूचना काढल्या.

ओटीपी टाकला म्हणजे आपण सुरक्षित झालो, हा समज मात्र चुकीचा आहे आणि मला तो फार काळजीचा वाटतो. ओटीपीमुळे तुमची ओळख नेटवर्कला पटते. नेटवर्कची ओळख तुम्हाला पटत नाही. घरच्या वाय-फायचा पासवर्ड फोन आणि राउटर यांच्यामधल्या लहरींना सांकेतिक कुलूप लावतो, तसे कुलूप खुल्या नेटवर्कवर नसते. शिवाय ‘रेलवायर’ हे नाव शेजारच्या बाकावरचा माणूसही आपल्या हॉटस्पॉटला देऊ शकतो. फोन खुल्या नेटवर्कचे फक्त नाव जुळवतो आणि ते पूर्वी जतन केलेले असेल, तर न विचारता जोडला जातो. म्हणूनच काम झाल्यावर ते नाव फोनमधून काढून टाकावे, किंवा निदान आपोआप जोडणी बंद ठेवावी.

तरीही सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे काम करूच नये, हा जुना सल्ला आता तितकासा लागू पडत नाही. २०१० मध्ये फायरशीप या छोट्या प्रोग्रॅमने खुल्या वाय-फायवर दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात शिरणे किती सोपे आहे, हे दाखवून दिले होते. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरतात, त्यामुळे मजकूर फोनपासून थेट संकेतस्थळापर्यंत सांकेतिक रूपातच जातो आणि समोर खरोखर तेच संकेतस्थळ आहे, हे ब्राउझर प्रमाणपत्रावरून तपासतो. कोणत्या संकेतस्थळाशी तुमचे बोलणे चालू आहे, एवढे मात्र सहसा मधल्या माणसाला दिसू शकते. ओटीपी टाकून वाय-फायवर लॉगिन करण्यापूर्वी प्रमाणपत्राचा इशारा आला तर तो नेटवर्कने वाट अडवल्यामुळे असू शकतो; लॉगिननंतरही आला, तर पुढे जाऊ नये.

खुल्या नेटवर्कवरील लहरींना पासवर्डविना कुलूप लावणारी ‘एनहान्स्ड ओपन’ ही पद्धत २०१८ मध्ये आली, पण समोर कोण आहे हे तीही सांगत नाही. ते काम ‘पासपॉइंट’ करते: त्यात फोन आधी नेटवर्कचे प्रमाणपत्र तपासतो आणि मगच स्वतःची ओळख देतो.