अँट्रिम किनारमार्ग आणि तेथील खासगी दिवससहल

आयर्लंड बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात, उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्याच्या कड्यांखालून समुद्राला अगदी चिकटून जाणारा रस्ता म्हणजे अँट्रिम किनारमार्ग. लार्न बंदरापासून उत्तरेकडे बॅलीकॅसलच्या दिशेने जाणारा हा रस्ता १८३२ ते १८४२ या काळात बांधला गेला. आज तो ए-२ या हमरस्त्यात मोडतो आणि बेलफास्ट ते डेरी अशा सुमारे २०० किमी लांबीच्या 'कॉजवे कोस्टल रूट' या पर्यटनमार्गाचा पूर्वेकडील भाग आहे. बेलफास्ट, क्वचित डब्लिन, मुक्कामी धरून एका दिवसात हा मार्ग पाहून परतण्याची पद्धत रूढ आहे. स्वतःपुरती गाडी आणि गाडी चालवता चालवता माहिती सांगणारा स्थानिक वाटाड्या घेऊन केलेल्या सहलीला तेथे खासगी मार्गदर्शित सहल म्हणतात.

जाहिरातीत या सहलीचे नाव बहुधा 'जायंट्स कॉजवे', म्हणजे समुद्रकाठच्या बेसाल्ट खांबांचा प्रसिद्ध समूह, असे असते आणि रस्ता म्हणजे तिथवर पोहोचण्याची निव्वळ सोय ठरते. मोठ्या बसगाड्यांच्या अनेक सहली तर आतल्या भागातील मोटरवेने थेट कॉजवेला जातात आणि तशाच परततात. किनारा दिसतो तो शेवटच्या काही किलोमीटरपुरता. खरे तर या परगण्यात पाहण्यासारखी पहिली गोष्ट रस्ताच आहे, आणि खासगी गाडीचे जादा पैसे कशासाठी द्यायचे याचे उत्तरही तोच आहे.

हा रस्ता देखावा पाहण्यासाठी काढलेला नव्हता. अँट्रिमच्या पठारातून समुद्राकडे उतरणारी नऊ दरीखोरी 'ग्लेन्स' म्हणून ओळखली जातात : ग्लेनार्म, ग्लेनक्लॉय, ग्लेनॅरिफ, ग्लेनबॅलीएमन, ग्लेनान, ग्लेनकॉर्प, ग्लेनडन, ग्लेनशेस्क आणि ग्लेनटेझी. दोन दऱ्यांच्या मधले डोंगर चढून जाणाऱ्या वाटा इतक्या उभ्या होत्या, की येथल्या लोकांना होडीने स्कॉटलंड गाठणे बेलफास्टला जाण्यापेक्षा सोपे वाटे. टॉर हेड या टोकापासून स्कॉटलंडचा किनारा जेमतेम २० किमीवर आहे आणि स्वच्छ दिवशी पलीकडची शेतेही ओळखू येतात. घराणी, आडनावे, बोली, सोयरीक या साऱ्यांत दोन्ही किनारे एकमेकांत गुंतलेले आहेत. अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताच्या पूर्व भागात आयरिश भाषा घराघरांत ज्या ठिकाणी सर्वांत उशिरापर्यंत टिकली, त्यांत या दऱ्या येतात.

विल्यम बाल्ड या स्कॉटिश अभियंत्याने रस्त्याची आखणी डोंगरावरून न करता थेट भरतीरेषेवर केली. कारण भूगर्भात होते. येथील कड्यांत सर्वांत खाली लायास (जुरासिक युगाच्या सुरुवातीच्या) काळातील निसरडी चिकणमाती, तिच्यावर पांढरा चुनखडक आणि माथ्यावर काळा बेसाल्ट असे थर आहेत. पावसाने माती भिजली की वरचा भार घेऊन ती घसरते, त्यामुळे उतारावर काढलेला रस्ता टिकणे कठीण. बाल्डने सुरुंग लावून चुनखडकाचा कडा खाली पाडला, त्याच दगडांची किनाऱ्यावर भर घातली आणि त्यावरून रस्ता नेला. उरलेले मोठे दगड लाटांचा मारा झेलायला समुद्राच्या बाजूला राहिले. लार्नजवळ जिथे रस्ता खडकातल्या छोट्या बोगद्यातून जातो, तिथल्या स्मृतिफलकावर बाल्डच्या बरोबरीने दऱ्यांमधील मजुरांचाही उल्लेख आहे. ग्लेनार्मच्या आसपास चिखल आजही अधूनमधून रस्त्यावर येतो आणि वाहतूक थांबते. ज्या मातीला टाळण्यासाठी बाल्ड समुद्रापर्यंत खाली आला, तिने त्याचा पिच्छा पुरता सोडलेला नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या कड्यांमधील निम्मा मजकूर ओळखीचा वाटेल. अँट्रिमचे पठार लाव्ह्याचे आहे. सुमारे ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला, तेव्हाच्या उद्रेकांतून ते साचले. दख्खनचे लाव्हाथर त्याहून थोडे जुने, सुमारे ६.६ कोटी वर्षांचे. अँट्रिममध्ये दोन उद्रेककाळांच्या दरम्यान मोठा खंड पडला. त्या काळातील उष्ण, दमट हवेत वरचा बेसाल्ट कुजून लाल झाला. कॉजवेजवळच्या कड्यांत दिसणारा तो तांबडा पट्टा म्हणजे जांभ्याचाच भाऊ. कोकणात ज्या प्रक्रियेने जांभा तयार झाला, तीच येथेही घडली. फक्त नंतर त्यावर पुन्हा लाव्हा पसरल्याने तो काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये दाबला गेला. या थरातील लोहखनिजासाठी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ग्लेनॅरिफमध्ये खाणी निघाल्या आणि खनिज किनाऱ्यावर आणायला अरुंद रूळमार्गही टाकला गेला.

जायंट्स कॉजवे हा याच कथेचा सर्वांत प्रसिद्ध भाग. लाल थरात कोरल्या गेलेल्या एका नदीच्या दरीत लाव्हा साचला आणि सावकाश निवला. निवताना खडक आकसतो, तडे पडतात आणि ते वरून व खालून आत सरकत गेले की खांब तयार होतात. बहुतेक खांब षट्कोनी आहेत, पण पाच आणि सात बाजूंचेही पुष्कळ सापडतात. एकूण सुमारे ४०,००० खांब मोजले जातात. उभ्या खांबांना आडव्या भेगाही आहेत. तिथे एका तुकड्याचा फुगीर भाग दुसऱ्याच्या खोलगट भागात बसतो, म्हणून पावलाखालचे काही दगड वाटीसारखे आणि काही घुमटीसारखे लागतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला खांबांचे नवल वाटणार नाही. तिथे मात्र ते सुमारे ६० मीटर उंच, वस्तीने वेढलेल्या टेकडीच्या रूपात उभे आहेत, आणि येथे त्यांच्या माथ्यांवरून चालत समुद्रात उतरता येते.

दंतकथा अशी, की फिन मॅकूल या आयरिश राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनॅनडॉनरशी लढायला समुद्रातून हा पूल बांधला. प्रतिस्पर्धी आपल्याहून थोराड आहे हे पाहून फिन घाबरला. बायकोने त्याला बाळंत्यात गुंडाळून पाळण्यात झोपवले. 'बाळ एवढे, तर बाप केवढा' असे म्हणत बेनॅनडॉनर पळाला आणि जाताना पूल तोडत गेला. स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावर फिंगलच्या गुहेत असेच खांब आहेत, त्यामुळे कथेला दोन्ही टोके मिळाली.

वाटाड्यांचा धंदाही येथे जुनाच. १९व्या शतकात कॉजवेवर स्थानिक गाईडांची इतकी गर्दी असे, की प्रवासी त्यांच्या तावडीतून सुटण्याविषयी तक्रारी करत. खांबांच्या समूहांना 'राक्षसाचा बूट', 'बाजाची पेटी', 'इच्छापूर्तीची खुर्ची' अशी नावे देऊन ती पाठ म्हणून दाखवणे हे त्यांचे भांडवल. १८८३ मध्ये पोर्टरशहून जलविद्युतवर चालणारी ट्राम सुरू झाली. अशा प्रकारच्या जगातील अगदी पहिल्या मार्गांमध्ये तिची गणना होते. १९४९ मध्ये ती बंद पडली. १९व्या शतकाच्या अखेरीस एका कंपनीने कॉजवेला कुंपण घालून प्रवेशशुल्क लावले. पूर्वापार वहिवाटीचा हक्क सांगत स्थानिक लोक कोर्टात गेले आणि हरले. पुढे ही जागा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली, आणि १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. आज शुल्क आहे ते अभ्यागत केंद्राचे व वाहनतळाचे. खांबांपर्यंत पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. ही गोष्ट सांगतो का, यावरून वाटाड्याची पारख करावी. पर्यटकांनी नवसासारखी भेगांत कोंबलेली नाणी गंजून फुगतात आणि खांबांच्या कडा फोडतात, म्हणून ती घालू नयेत असे आवाहन ट्रस्टने २०२५ मध्ये केले.

आजच्या खासगी सहलीमागे बेलफास्टचा अलीकडचा इतिहासही आहे. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे यांच्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या संघर्षाच्या तीन दशकांत येथे परदेशी पर्यटक फारसा फिरकत नसे. बससेवा विस्कळीत झालेल्या वस्त्यांमध्ये काळ्या टॅक्सी सामायिक रिक्षासारख्या चालू लागल्या. १९९८च्या शांतता करारानंतर पाहुणे येऊ लागले, तेव्हा यातल्याच काही चालकांनी त्यांना शहरातल्या वस्त्या विभागणाऱ्या भिंती व भित्तिचित्रे दाखवायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या फेऱ्या किनाऱ्यापर्यंत लांबल्या. आता सात-आठ आसनी गाड्या अधिक दिसतात. भाडे माणशी नसून अख्ख्या गाडीचे असते, त्यामुळे दोघांना ते जड जाते आणि सहा जणांच्या कुटुंबाला परवडते. क्रूझ जहाजाने बेलफास्ट बंदरात उतरणाऱ्यांची मागणी मोठी. जहाज सुटण्याच्या वेळेआधी परत आणून सोडणे ही त्यात मुख्य अट.

दिवसाची आखणी हा या धंद्यातील खरा हुन्नर. उत्तर आयर्लंडमध्येही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या पलीकडे राहतो, आणि परतताना मात्र तो थेट खिडकीखाली येतो. म्हणून काही चालक सकाळी मोटरवेने कॉजवे गाठतात, बसगाड्यांची गर्दी होण्याआधी खांब दाखवतात आणि दुपारी किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरतात. यात तोटाही आहे. किनारा पूर्वाभिमुख असल्याने दुपारनंतर ऊन डोंगराआड जाते आणि पांढरे कडे निस्तेज दिसतात. जूनमध्ये १७ तासांचा उजेड असतो तेव्हा दोन्ही क्रम जमतात. डिसेंबरमध्ये सात तासांच्या उजेडात मात्र काहीतरी गाळावेच लागते, आणि गाळले जाते ते बहुतेक वेळा दऱ्यांमधले एखादे गाव.

बेलफास्टहून निघाल्यावर पहिला थांबा कॅरिकफर्गसचा नॉर्मन किल्ला. जॉन द कूर्सीने तो ११७७च्या सुमारास बांधायला घेतला. १६९० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच बंदरात उतरला. लार्न ओलांडले की खरा किनारमार्ग सुरू होतो. कार्नलॉख येथे चुनखडक जहाजांत भरण्यासाठी बांधलेले छोटे पांढरे बंदर आहे आणि शेजारी काही काळ विन्स्टन चर्चिल यांच्या मालकीचे असलेले हॉटेल. कुशेनडॉलच्या चौकातील लाल दगडी मनोरा फ्रान्सिस टर्नली याने आळशी व दंगेखोर लोकांना कोंडायला बांधला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कमावलेल्या पैशावर त्याने हे गाव विकत घेतले होते. लार्नमध्ये ब्रिटिश झेंड्याचे रंग, तर येथे हर्लिंग या आयरिश खेळाच्या मैदानाचा दिमाख. तासाभराच्या अंतरात राजकीय निष्ठा कशी बदलते हे समजावून सांगणारा माणूस गाडीत असला तर फलक वाचत बसावे लागत नाही.

कुशेनडनपासून टॉर हेडकडे फुटणारा फाटा अरुंद, चढउताराचा आणि आंधळ्या वळणांचा आहे. मोठी बस तिथे जातच नाही. छोट्या गाडीचा खरा फायदा याच टप्प्यावर मिळतो, आणि हवा स्वच्छ असेल तर इतर एखादा थांबा सोडून हा धरावा. पुढे बॅलीकॅसल. मार्कोनीच्या सहकाऱ्यांनी १८९८ मध्ये येथून समोरच्या रॅथलिन बेटाशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण केली. ऑगस्टच्या अखेरच्या सोमवार-मंगळवारी भरणाऱ्या लामस जत्रेत 'डल्स' हे वाळवलेले खारट समुद्रशेवाळ आणि 'यलोमॅन' ही जाळीदार, कडक पिवळी मिठाई विकली जाते. त्या दोन दिवसांत मात्र येथून गाडी पुढे काढणे अवघड.

कॅरिक-अ-रीडचा दोरपूल २० मीटर लांब असून समुद्रापासून ३० मीटर उंचीवर लटकतो. सॅमन पकडणारे कोळी अठराव्या शतकापासून बेटावर जाण्यासाठी तो उभारत. मासे घटत गेले आणि २००२ मध्ये तेथील मासेमारी संपली; आता पुलावरून फक्त पर्यटक जातात. प्रवेश ठरावीक वेळेच्या तिकिटावर असतो आणि वारा वाढला की पूल बंद होतो, त्यामुळे त्यावर अख्खा दिवस बेतणे धोक्याचे. डार्क हेजेस या बीच वृक्षांच्या कमानीबद्दल मात्र हात आखडता घ्यावासा वाटतो. स्टुअर्ट घराण्याने अठराव्या शतकात आपल्या हवेलीच्या वाटेवर ही झाडे लावली. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत क्षणभर दिसल्याने तिथे एवढी रीघ लागली, की रस्ता वाहनांना बंद करावा लागला. झाडे म्हातारी आहेत. वादळांत काही पडली, काही २०२३ मध्ये धोकादायक म्हणून तोडली. छायाचित्रातली निर्जन वाट सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये सहसा मिळत नाही.

डब्लिनहून ही सहल करणाऱ्यांचे येण्याजाण्यातच सहा तासांच्या आसपास जातात, त्यामुळे किनारा घाईत उरकतो. भारतीय पारपत्रधारकांसाठी याहून मोठी अडचण आहे. सीमेवर नाका नाही, गाडी थांबवली जात नाही, फक्त फलकांवर किलोमीटरचे मैल आणि दुकानात युरोचे पौंड होतात. तरीही उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग असल्याने केवळ आयर्लंडचा व्हिसा तिथे चालत नाही. ब्रिटिश व्हिसा किंवा दोन्ही देशांच्या संयुक्त योजनेचा शेरा असलेला व्हिसा जवळ लागतो. नाका नाही म्हणजे परवानगी लागत नाही, असा समज करून घेऊ नये.

बहुतेक सहली बुशमिल्स गाव आणि कड्याच्या टोकावरील डनलूस किल्ल्याचे भग्नावशेष पाहून परत फिरतात. मॅकडॉनेल घराण्याच्या या किल्ल्याचे स्वयंपाकघर वादळी रात्री आचाऱ्यांसकट समुद्रात कोसळले, असे प्रत्येक वाटाडा सांगतो. इतिहासकारांचा त्यावर विश्वास नाही. पश्चिमेकडे पोर्टरश, १७८५ मध्ये एका उधळ्या बिशपने कड्याच्या काठावर बांधलेले गोल मसेंडेन टेंपल आणि डेरीची तटबंदी उरते. त्यासाठी पोर्टरशला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे जावे.